बादली गेली, ६६-० : पर्ड्यूकरांनो, या इकडे रडायला

वॉबॅशकाठचा_बंड्या | १ डिसेंबर २०२४, सकाळी

काल रात्री ब्लूमिंग्टनहून घरी पोचायला दीड वाजला. झोप काही लागली नाही, म्हणून चहा टाकून हा धागा काढतोय. ज्यांच्या कानावर अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये शेजारची इंडियाना युनिव्हर्सिटी (आयू) ६६, आपलं पर्ड्यू ०. सीझनचा हिशेब एक विजय, अकरा पराभव. आपल्या लीगमध्ये, बिग टेनमध्ये, नऊपैकी नऊ हरलो. ओल्ड ओकन बकेट, म्हणजे या दोघांतल्या सामन्यात जिंकणाऱ्याकडे जाणारी आपली बादली, गेली.

मी २००३ ते २००५ पर्ड्यूला एमएस केलं. मुलीने मात्र आयू धरलं, तिथल्या बिझनेसच्या केली स्कूलला दुसऱ्या वर्षाला आहे. कालची तिकिटं तिनेच काढली होती, अर्थातच तिच्या बाजूच्या स्टँडची. माझी काळी-सोनेरी टोपी मी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली होती, सासरच्या मांडवात तंबाखूची पुडी लपवावी तशी. थंडी अशी की बोटं वाकेनात. आल्याच्या चहाचा थर्मास गाडीतच विसरलो.

पहिल्या दोन टचडाउनला (बॉल आपल्या टोकापलीकडे नेला की सहा गुण) पोरगी उभी राहून किंचाळली. चौथ्याला बसल्या बसल्या टाळ्या. सहाव्यानंतर उठून गेली आणि प्रेट्झेल घेऊन आली. "बाबा, खा. गरम आहे," हे अशा आवाजात म्हणाली की जणू मी आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलोय. त्यानंतर आणखी टचडाउन झाले, पण तिने माझ्या बाजूला बघायचंच सोडून दिलं.

तर मंडळी, नेमकं काय चुकलं? कोच, पैसा, पोर्टल (खेळाडूंनी कॉलेज बदलायची सोय), की नशीब? "आपलं कॉलेज बास्केटबॉलचं" हे उत्तर कृपया इथे देऊ नये. ते घरी बायकोने दिलेलं आहे.

दुधी_भोपळा | १ डिसेंबर

६६ वर शून्य? एका डावाचा ना?

वॉबॅशकाठचा_बंड्या | १ डिसेंबर

तुमचं नाव आज फारच लागतंय हो दुधीराव.

आकडेमोड | १ डिसेंबर

मीठ चोळायचं नाहीये, पण कोणीतरी मांडायलाच हवं. ३१ ऑगस्टला सुरुवात झाली ती इंडियाना स्टेटवर ४९-० ने. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, हडसन कार्ड याने २५ पैकी २४ पास पूर्ण केले. त्या रात्री मी दोघातिघांना फोन करून सांगितलं होतं की यंदा काहीतरी होणार. झालंच. दोन आठवड्यांनी नोटर डेम आपल्याच रॉस-एड स्टेडियमवर येऊन ६६-७ करून गेले. आदल्या शनिवारी ते नॉर्दर्न इलिनॉयकडून स्वतःच्या घरी हरले होते. तो राग कोणावर तरी निघणारच होता.

मग ऑरेगन स्टेटकडून हरलो, मग नेब्रास्काकडून. नेब्रास्कानंतर ऑफेन्सचे कोऑर्डिनेटर ग्रॅहम हॅरेल यांना नारळ दिला. नारळ दिल्याच्या पुढच्याच शनिवारी विस्कॉन्सिनने ५२-६ वाजवले.

बारा सामन्यांत आपण ४७९ गुण दिले, सरासरी ३९.९. आपले १८९, आणि त्यातले ४९ पहिल्याच दिवशीचे. म्हणजे उरलेल्या अकरा सामन्यांत मिळून १४०. तीन वेळा भोपळा : ऑरेगन, ओहायो स्टेट आणि काल.

कालचा एकच आकडा सांगतो आणि गप्प बसतो. साठ मिनिटांत आपले एकूण ६७ यार्ड. मैदान शंभर यार्डांचं आहे. ते सगळे एकाच दमात मिळाले असते तरी या टोकापासून त्या टोकाला पोचलो नसतो.

वऱ्हाडी_ठेचा | १ डिसेंबर

काहून बे, चंद्रावर पहिला पाय ठेवणारा तुमचा, तिथून शेवटी निघणाराही तुमचाच. अन् दहा यार्ड जाता येत नाही?

(हलके घ्या. मी पण २०११ चा मेकॅनिकलवाला आहे.)

कोल्हापुरी_कट | १ डिसेंबर

एक शंका. ह्यात पाय कुठं लागतोय? आमच्यात फुटबॉल म्हणजे पायानं खेळत्यात. तुमचा तो बॉल हातात धरून पळायचा खेळ बघितला एकदा, तीन तास बघितला, त्यात दोन तास नुसते उभे होते.

पण दुःख कळलं बघा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की निम्मं कोल्हापूर दुकानं बंद करून येतंय. हरलं की चार दिवस दुसऱ्या पेठेतनं जायचं नाही, जायचंच झालं तर हेल्मेट घालून. सहासष्ट म्हणजे मात्र गाव सोडायची पाळी, भावा.

वॉबॅशकाठचा_बंड्या | १ डिसेंबर

पाय लागतो हो, टचडाउननंतर जादा गुणासाठी किक मारतात ना. काल त्यांच्या किकरचाच पाय दुखला असेल.

क्रिमसन_कैरी | १ डिसेंबर, दुपारी

मी आयूची. आत येऊ का? चपला बाहेर काढल्यात.

बंड्याकाका, प्रेट्झेलचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण जरा आमचंही ऐका. तुमच्याकडे ड्रू ब्रीझसारखा क्वार्टरबॅक होता, रोझ बोलसारखी मानाची मॅच होती, निदान कधीतरी ओहायो स्टेटला पाडल्याच्या गोष्टी आहेत. आमच्याकडे काय होतं? देशातल्या मोठ्या कॉलेजांत आजवर सगळ्यात जास्त सामने हरलेली टीम आमची. आमच्याकडे लोक फुटबॉलला जायचे ते पार्किंगमध्ये बर्गर भाजायला. खाऊन झालं की निम्मे तिथूनच परत. २०२३ ला आम्ही ३-९ होतो, म्हणजे तीन जिंकले, नऊ हरलो.

आता गंमत बघा. त्या वर्षीचा शेवटचा सामना तुमच्याकडे होता. तुम्ही ३५-३१ ने जिंकलात, बादली ठेवलीत, नाचलात. दुसऱ्या दिवशी आमचे कोच टॉम ॲलन यांची नोकरी गेली. ३० नोव्हेंबर २०२३ ला नवे कोच सिग्नेटी आले. कालचा सामना कोणत्या तारखेला झाला? ३० नोव्हेंबर २०२४.

तेव्हा पेढे खरं तर तुम्हालाच द्यायचेत. पत्ता विपूत (निरोपात) कळवा.

आकडेमोड | १ डिसेंबर

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता दिवसभर हेच डोक्यात राहणार. धन्यवाद म्हणू की काय म्हणू?

माजी_विद्यार्थी_९९ | १ डिसेंबर

कैरीताई, चपला घालून या, काही हरकत नाही.

मी ब्रीझ असताना तिथे होतो. पहिल्या वर्षी काही कळायचं नाही. आम्ही चौघे मराठी, एका अपार्टमेंटमध्ये. शनिवारी सकाळी रस्त्यावर पोरं विचित्र कपडे घालून सात वाजताच बारच्या रांगेत उभी, कोणी केळं झालंय, कोणी नन. आम्हाला वाटलं गॅदरिंग आहे. त्याला ब्रेकफास्ट क्लब म्हणतात हे नंतर कळलं. आमच्यातला एक जण पहिल्याच आठवड्यात हॅरीज चॉकलेट शॉपमध्ये खरोखरच चॉकलेट आणायला गेला होता, घरी पाठवायला. तो बार आहे.

तर १ जानेवारी २००१ चा रोझ बोल आम्ही त्याच अपार्टमेंटमध्ये बघितला, खिचडी खात. वॉशिंग्टनकडून ३४-२४ ने हरलो. त्या दिवशी वाटलं होतं, हरकत नाही, पुढच्या वर्षी परत जाऊ. आज चोवीस वर्षं होत आली, परत गेलेलो नाही.

कोच हेझल यांच्या काळातही मी सगळं बघितलंय. ९-३३ हा त्यांचा एकूण हिशेब. तेव्हाही २०१३ ला १-११ झालं होतं. पण तेव्हाचं हरणं वेगळं होतं. रोज डाळ पातळ होत जावी तसं. हे म्हणजे पातेलंच पालथं. दोन वर्षांपूर्वी, २०२२ ला आपण बिग टेनचा पश्चिम गट जिंकून इंडियानापोलिसला मिशिगनशी फायनल खेळलो होतो हो! हरलो ४३-२२, पण खेळलो. मग कोच ब्रोम लुईव्हिलला त्यांच्या गावी गेले आणि आपण वॉल्टर्सना कोच म्हणून आणलं.

रॉस_एड_रांग_४० | १ डिसेंबर

ब्रेकिंग : वॉल्टर्स गेले. दोन वर्षांत ५-१९.

वऱ्हाडी_ठेचा | १ डिसेंबर

गेले ते बरंच झालं. बिचाऱ्याचा चेहरा पाहवत नव्हता.

गणिताचे_सर | १ डिसेंबर

मी वॉल्टर्सच्या बाजूने दोन शब्द बोलणार आहे, जोडे बाजूला ठेवा.

२०२२ ला इलिनॉयचा डिफेन्स त्यांच्या हातात होता आणि सामन्यामागे सगळ्यात कमी गुण देणारा देशातला तो डिफेन्स होता. तेव्हा निवड चुकली असं आज म्हणणं सोपं आहे, त्या वेळी मीच इथे "हाबिणंदण" लिहिलं होतं. यंदाचा इलिनॉयचा सामना आठवा. वॉल्टर्सच्याच जुन्या मैदानावर २७-३ ने मागे, नवखा रायन ब्राउन पहिल्यांदाच सुरुवातीपासून क्वार्टरबॅक, आणि तिथून ओढून नेला तो ओव्हरटाइमपर्यंत. टचडाउन केला. एका गुणाची किक मारली असती तर बरोबरी आणि खेळ पुढे चालू. त्यांनी दोन गुणांसाठी डाव लावला. फसला. ५०-४९. मला तो निर्णय आजही पटतो. हरायचं तर असं.

मग नॉर्थवेस्टर्नशी घरच्या मैदानावर परत ओव्हरटाइम, २६-२०. हे दोन्ही इकडचे तिकडे झाले असते तर ३-९. ३-९ ला कोणी धागा काढत नाही.

माजी_विद्यार्थी_९९ | १ डिसेंबर

सर, डिफेन्सच्या जोरावर आणलेल्या माणसाने सरासरी चाळीस गुण दिले. सुताराच्याच घरची खुर्ची मोडकी असं झालं हे. ३-९ झालं असतं तरी ब्लूमिंग्टनला कालच्यासारखेच मेलो असतो.

रॉस_एड_रांग_४० | १ डिसेंबर, रात्री

मी सध्या इथेच पीएचडी करतोय, चौथं वर्ष. कोचवर इतकं बोलताय, पण पोर्टलबद्दल कोणी बोलेना.

२०२३ ला आपला निक स्कॉर्टन बिग टेनमध्ये सगळ्यात जास्त सॅक करणारा होता, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला बॉल हातात असतानाच आडवा पाडणारा. सीझन संपला, तो टेक्सास ए अँड एमला. डिऑन बर्क्स, आपला सगळ्यात चपळ रिसीव्हर (पास झेलणारा), ओक्लाहोमाला. पूर्वी कॉलेज बदललं की वर्षभर बाकावर बसायला लागायचं, आता तसं नाही. वर एनआयएलचे, म्हणजे खेळाडूचं नाव-चेहरा वापरल्याचे, पैसे. आपण पोरं शोधायची, दोन वर्षं खाऊ-पिऊ घालायची, आणि अंगाला बाळसं धरलं की मोठ्या घरची माणसं येऊन मागणी घालणार.

आता डिलन थीनमन राहतो का बघा. पहिल्याच वर्षी सहा इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचे सहा पास मध्येच झेलले. तो गेला तर मी तिकीट फुकट दिलं तरी जाणार नाही.

(फुकटच मिळतं म्हणा. नोटर डेमच्या दिवशी स्टेडियम खच्चून भरलं होतं. नोव्हेंबरात लॅबमधला एक जण दोन तिकिटं टेबलावर ठेवून गेला, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती तिथेच. शेवटी सफाईवाल्या आजींनी नातवाला नेली.)

क्रिमसन_कैरी | १ डिसेंबर, रात्री

पण रांग४०, त्याच पोर्टलमधून आम्ही वर आलो ना! सिग्नेटींनी त्यांच्या आधीच्या कॉलेजहून, जेम्स मॅडिसनहून, डझनभर पोरं सोबत आणली. कोणाला न ठाऊक असलेली. आमचा क्वार्टरबॅक रूर्क ओहायो युनिव्हर्सिटीचा, लक्षात घ्या, ओहायो स्टेट नव्हे. काल त्याने तुमच्यावर सहा टचडाउन पास टाकले. दार दोन्ही बाजूंनी उघडतं.

वॉबॅशकाठचा_बंड्या | २ डिसेंबर

काल दिवसभर वाचत होतो, आता लिहितो.

कैरी, तू जे सहज लिहून गेलीस तेच मला शनिवारी रात्री गाडीत टोचत होतं. मुलगी हॉस्टेलवर उतरली, पुढे तासभर मी एकटा. ६६ चं दुःख नव्हतं ते. यंदा ६६ आपण एकदा खाऊन पचवलेच होते.

इतकी वर्षं आपण एकमेकांना काय सांगत आलो? आपलं इंजिनिअरिंगचं कॉलेज, अभ्यास अवघड. आपलं राज्य बास्केटबॉलचं. आपल्या आसपास चांगले हायस्कूल खेळाडू नाहीत. ओहायो, मिशिगनएवढा पैसा नाही. दर चार-पाच वर्षांनी एखाद्या मोठ्याला गाडायचं, २०१८ च्या ओहायो स्टेटसारखं ४९-२०, आणि त्या जोरावर पुढची चार वर्षं ढकलायची. एवढंच आपलं जमणार, आणि ठीक आहे. मी हे पाहुण्यांना सांगितलंय, ऑफिसात सांगितलंय, मुलीला लहानपणी मांडीवर घेऊन सांगितलंय.

आणि हे सगळं जसंच्या तसं इंडियानालाही लागू होतं. तेच राज्य, तोच बास्केटबॉल, तीच हायस्कुलं. उलट इतिहास आपल्यापेक्षा वाईट. बारा महिन्यांत ३-९ चे ११-१ झाले. एकच सामना हरले, तोही ओहायो स्टेटकडून, त्यांच्या मैदानावर. म्हणजे आपण जी कारणं देत होतो ती कारणं नव्हतीच. आपल्यापेक्षा गरीब शेजारी होता तोवर आपल्या घराचे पोपडे दिसत नव्हते. बादलीचं काय, ती परत येईल. हे निमित्त परत येणार नाही.

रॉस-एड १९२४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं तेव्हा समोर इंडियानाच होतं आणि आपण २६-७ ने जिंकलो होतो. स्टेडियमची शंभरी आपण अशी साजरी केली.

आकडेमोड | २ डिसेंबर

+१. शेजाऱ्याचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

गणिताचे_सर | २ डिसेंबर

बंड्या, पटतंय, पण सगळं नाही. एका वर्षावरून कारणं खोटी ठरवू नका. इंडियानाचं वेळापत्रक यंदा सोपं होतं. पुढच्या वर्षी बघू.

कोल्हापुरी_कट | २ डिसेंबर

ती बादली बादली काय चाललंय मगापासून? कप न्हाई का तुमच्यात?

माजी_विद्यार्थी_९९ | २ डिसेंबर

खरीच बादली आहे हो. लाकडी, विहिरीवरची, दक्षिण इंडियानातल्या एका जुन्या शेतवाडीवर सापडलेली. १९२५ पासून तिच्यासाठी खेळतात. जो जिंकेल त्याच्या नावाचं अक्षर, पी किंवा आय, साखळीत ओवतात. पहिलाच सामना ०-० बरोबरीत सुटला, त्यामुळे साखळीतली पहिली कडी आय आणि पी जोडलेली. मी एकदा जवळून बघितली आहे. साखळीच बादलीपेक्षा भारी दिसते. पी अजूनही जास्त आहेत, हे इथे नम्रपणे नोंदवतो.

कोल्हापुरी_कट | २ डिसेंबर

हे भारी हाय. कपापेक्षा बादली बरी, निदान पाणी तरी भरतंय.

दुधी_भोपळा | ३ डिसेंबर

पैसे घेऊन खेळणाऱ्या पोरांसाठी तुम्ही लोक रात्र रात्र जागता? सगळा बाजार आहे.

रॉस_एड_रांग_४० | ३ डिसेंबर

दुधीराव, डेव्हिन मॉकोबी नावाचा आपला रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, आहे. बूनव्हिलचा, इंडियानातल्याच लहान गावातला. स्कॉलरशिपशिवाय आला, वॉक-ऑन म्हणून, आणि खेळून जागा मिळवली. यंदा ऑफेन्सची फळी समोर कोसळत होती आणि हा दर वेळी त्या गर्दीत डोकं घालून दोन-तीन यार्ड घेऊन यायचा. उठायचा, बॉल पंचांच्या हातात द्यायचा, परत रांगेत. ४५-० झालेलं असताना. बाजार असेल, पण मी त्याच्यासाठी जागतो.

प्रशासक | ३ डिसेंबर

यानंतरचे काही प्रतिसाद वैयक्तिक झाल्याने उडवले आहेत. आयडींच्या भाज्यांवरून विनोद पुरे.

आकडेमोड | ८ डिसेंबर

नवा कोच : बॅरी ओडम. लास व्हेगासच्या युएनएलव्हीला दोन वर्षांत चांगलं काम केलंय, त्याआधी मिझुरीला चार वर्षं होते. माणूस डिफेन्सचा.

माजी_विद्यार्थी_९९ | ८ डिसेंबर

परत डिफेन्सचाच?

वऱ्हाडी_ठेचा | ८ डिसेंबर

दुधानं तोंड पोळलं तर ताक फुंकून प्यावं. हे तर पुन्हा दूधच आणून राहिले.

वॉबॅशकाठचा_बंड्या | २९ नोव्हेंबर २०२५

धागा वर काढतोय. शीर्षकातले आकडे बदलायची सोय असती तर बदलले असते.

काल रॉस-एडवर ५६-३. ओडम यांचं पहिलं वर्ष २-१०, बिग टेनमध्ये याही वर्षी नऊपैकी शून्य. इंडियाना १२-०. गणिताच्या सरांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं होतं, बघितलं. थीनमन ऑरेगनला गेला, तेव्हा रांग४० यांनी शब्द पाळला असावा, त्यांच्या जागेवर काल आयूच्या लाल स्वेटरवाली एक आजी बसली होती.

या वेळी मुलगी आमच्या बाजूला बसली. मीच बोलावलं होतं. टोपी डोक्यावर होती, लपवली नाही. पहिल्या अर्ध्यात तिने एकदाही टाळी वाजवली नाही, मला म्हणाली, "इथे बरं दिसत नाही." मी म्हटलं, वाजव गं, पैसे दिलेत. तेव्हा कुठे वाजवली, हातमोजे न काढता.

आणि एक. आपल्या तीन गुणांच्या वेळी, किक आत गेली तेव्हा, आमच्या रांगेतले सगळे उभे राहिले. मागच्या वर्षी शून्य होतं ना. एक गोरे आजोबा माझ्या पाठीवर थाप मारून गेले.

क्रिमसन_कैरी | २९ नोव्हेंबर २०२५

काका, पेढे मागच्या वर्षीचे राहिलेत. आता बर्फी पण देणं लागते.

वॉबॅशकाठचा_बंड्या | २९ नोव्हेंबर २०२५

चालेल, पुढच्या नोव्हेंबरात हातात दे. सामना ब्लूमिंग्टनला आहे, पोरीचं शेवटचं वर्ष. तिकिटं तीच काढणार, म्हणजे पुन्हा तुमच्याच गोतावळ्यात. फिशर्सहून निघेन, गाडीत दोन जागा आहेत, ज्यांना यायचंय त्यांनी विपू करा. चहा मी आणतो, आत जायच्या आधी गाडीतच संपवायचा.